स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ : दलित व्यावसायिकापुढील एक प्रश्न

१

दलित समाजाच्या उन्नतीचा विचार करताना आपण शिक्षणाचा विचार केला, नोकरीचा केला, जमिनीचा केला. गिऱ्हाइकाचा विचार मात्र आपण फारसा केलेला नाही. याला कारण आहे. शिकलेल्या पहिल्या पिढीपुढे सरकारी नोकरी हाच काय तो भरवशाचा मार्ग होता आणि तो तिने निवडला हे योग्यच झाले. परंतु आरक्षण सरकारी नोकरीपुरते आहे. खाजगी क्षेत्राला ते लागू नाही. आणि सरकारी कचेऱ्यांतही कायम पदाच्या खुर्चीवर आता कंत्राटी माणूस बसलेला दिसतो. अशा काळात आपले अनेक तरुण-तरुणी वकिली, भाषांतर, छायाचित्रण, आराखडे काढणे, हिशेब लिहिणे, संगणकाचे काम असे स्वतंत्र व्यवसाय करू लागले आहेत. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न कौशल्याचा नाही. तो असा आहे : अनोळखी माणसाने आपल्यापर्यंत यावे कसे, आणि आल्यावर आपल्यावर विश्वास का ठेवावा?

सवर्ण तरुणाला हा प्रश्न इतक्या तीव्रतेने पडत नाही. मामाच्या कचेरीत, काकांच्या मित्रमंडळींत, गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत त्याचे पहिले गिऱ्हाईक बहुधा आधीच बसलेले असते. याला ओळख म्हणतात, जात म्हणत नाहीत. पण ही ओळख जातीच्याच वाटेने चालत येते. आपल्या मुलांचे मामा-काका वीटभट्टीवर असतात, सफाई खात्यात असतात, शेतमजुरीवर असतात. फार तर मास्तर किंवा कारकून असतात. त्यांची माया कमी नसते. त्यांच्या ओळखीच्या माणसांकडे भाषांतर करून घेण्याजोगे कागद नसतात, एवढेच.

या परिस्थितीत उपयोगी पडणाऱ्या एका लहान साधनाविषयी मी येथे लिहीत आहे. ते साधन म्हणजे स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ. ते का हवे, कसे उभारावे, त्यात काय मांडावे आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे चार मुद्दे आहेत. मी स्वतः भाषांतर आणि मुद्रितशोधन यांवर पोट भरतो, म्हणून उदाहरणे त्याच व्यवसायातली घेतो. इतरांनी ती आपापल्या कामाला लावून पाहावीत.

२

बाबासाहेबांच्या चरित्रात गिऱ्हाइकाच्या प्रश्नाची दोन उदाहरणे आहेत. चवदार तळे आणि काळाराम मंदिर यांच्या तेजात ती झाकली गेली आहेत.

पहिले उदाहरण बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यानंतरचे. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळण्यापूर्वी त्यांनी मुंबईत शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाचा तो सल्ला. परंतु सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि व्यवसाय बंद पडला.

दुसरे उदाहरण १९२३ चे. बॅरिस्टर होऊन ते मुंबईत वकिलीला उभे राहिले. सनदेसाठी लागणारे पैसेदेखील मित्र नवल भथेना यांच्याकडून घ्यावे लागले. हायकोर्टात बॅरिस्टरला काम सॉलिसिटरच्या हातून मिळायचे, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला काम देण्यास सॉलिसिटर तयार नव्हते. तेव्हा त्यांनी बाहेरगावच्या कोर्टांतील कामे घेतली. पुढे १९२६ साली 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांनी जेधे, जवळकर, बागडे यांची बाजू पुण्यात मांडली आणि जिंकली. या खटल्याने वकील म्हणून त्यांचे नाव झाले.

या दोन उदाहरणांतून दोन गोष्टी निघतात. नाव कळताच जाणाऱ्या गिऱ्हाइकावर उभा केलेला व्यवसाय कधीही कोसळू शकतो, ही पहिली. दुसरी अशी की मध्यस्थ जेथे दार अडवून बसतो तेथे उघड्यावर, सर्वांच्या देखत केलेले कामच त्याला वळसा घालू शकते. कोर्ट हे उघडे ठिकाण होते. युक्तिवाद कोणी केला आणि निकाल काय लागला हे ऐकायला सॉलिसिटरची परवानगी लागत नव्हती.

संकेतस्थळाकडे मी याच दृष्टीने पाहतो. आपले काम मध्यस्थावाचून पाहता यावे असे ते उघडे ठिकाण आहे.

३

शंभर वर्षांपूर्वीचे आता काय राहिले, असे कोणी म्हणेल. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. एक नाव उच्चवर्णीय हिंदू, एक दलित, एक मुसलमान. उच्चवर्णीय नावाला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची जी संधी होती, तिच्या सुमारे दोन-तृतीयांश संधी दलित नावाला मिळाली. मुसलमान नावाला सुमारे एक-तृतीयांश. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांना गाठले होते. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो असे ते सांगत, आणि त्याच दमात उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारणे कसे आवश्यक आहे हेही सांगत.

अर्जाच्या कागदाची रचनाच अशी आहे की माथ्यावर नाव येते आणि काम खाली, कधी दुसऱ्या पानावर. पाहणारा माथ्यावरच थांबला की खालचे वाचलेच जात नाही. संकेतस्थळावर हा क्रम आपल्याला उलटवता येतो. तेथे आधी काम मांडता येते. ते पाहून झालेल्या माणसाला नाव कळते तेव्हा त्याच्यापुढे एक नावच नव्हे, तर एक पुरावाही असतो. त्याने जात मनातून काढली असे यामुळे होत नाही. पण 'पात्र माणूस मिळत नाही' ही सबब त्याच्या हातातून जाते.

४

आपल्या कार्यकर्त्यांकडून यावर एक आक्षेप येतो : ही तर स्वतःची जाहिरात झाली, चळवळीच्या माणसाला ती शोभत नाही. हा आक्षेप वरवर पाहता नैतिक वाटतो. वस्तुतः तो ज्यांची जाहिरात पिढ्यान्‌पिढ्या दुसरेच करीत आले आहेत त्यांना परवडणारा आहे. ज्याचे आडनावच त्याची शिफारस करते त्याने मौन पाळावे. आपल्याला ते कसे परवडेल? ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले ते याचसाठी की आपले म्हणणे दुसऱ्यांच्या पत्रांत आपल्या शब्दांत येत नव्हते. समाजाच्या बोलण्याला जे तत्त्व लागू आहे ते त्या समाजातल्या एकट्या कारागिराच्या कामाला लागू का नसावे? शिवाय ज्याची भाकर एका मालकाच्या मर्जीवर आहे तो मोर्चात किती पुढे चालू शकतो हे आपण पाहिलेले आहे. दहा गिऱ्हाइके असलेला माणूस एकाला नाही म्हणू शकतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे : फेसबुक, इन्स्टाग्राम, लिंक्डइन फुकट आहेत, मग वेगळे स्थळ कशाला? ती अवश्य वापरावीत. पण ती जागा आपली नाही हे विसरू नये. जिओसिटीजवर लोकांनी हौसेने घरे बांधली. याहूने ती वसाहत २००९ साली मोडली. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले. गूगल प्लस २०१९ साली. खेड्यापाड्यांतल्या, वस्त्यांतल्या कितीतरी कलावंतांना टिकटॉकवर प्रेक्षक मिळाला होता; २९ जून २०२० रोजी सरकारने त्यावर बंदी घातली आणि तो प्रेक्षक गेला. दुसऱ्याच्या जमिनीवरची झोपडी केव्हा उठेल हे आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. याउलट ज्या विश्वजालावर आपण स्वतःचे स्थळ उभारतो त्याचे तंत्र सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांसाठी खुले केले. त्यावर कोणाचे वतन नाही.

५

आता उभारणीकडे वळतो. संकेतस्थळाला दोन गोष्टी लागतात : पत्ता आणि जागा.

पत्ता म्हणजे डोमेन. शक्यतो स्वतःचे पूर्ण नाव घ्यावे आणि पुढे डॉट इन किंवा डॉट कॉम. डॉट इन ही भारताची नोंदवही 'निक्सी' ही संस्था सांभाळते. तिने मान्य केलेल्या विक्रेत्यांकडून नाव नोंदवता येते. वर्षाचा खर्च साधारणतः काही शे रुपयांपासून हजाराच्या आसपास येतो. पहिल्या वर्षाचा दर स्वस्त दाखवून दुसऱ्या वर्षी तो वाढवण्याची रीत आहे. म्हणून नूतनीकरणाचा दर आधी वाचावा. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत असाही पत्ता घेता येतो. तो अभिमानाने घ्यावा. पण सोबत रोमन अक्षरांतला पत्ताही ठेवावा, कारण परप्रांतीय गिऱ्हाईक देवनागरी टंकलिखित करणार नाही.

येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. पत्ता कोणाच्या नावावर नोंदला आहे ते पाहा. पुष्कळ तरुण स्थळ बनवून देणाऱ्याला पैसे देतात आणि तो डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवरून घेतो. पुढे भांडण झाले किंवा तो गावच सोडून गेला की पत्ताही गेला. जमीन कसणाऱ्याची आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, हा अनुभव आपल्याला नवा नाही. डोमेनची नोंद स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलने करावी. सांकेतिक शब्द घरात वहीत लिहून ठेवावा. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर ठळक करावी. तारीख चुकली आणि मुदत संपली की ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो.

जागा म्हणजे होस्टिंग. चार-पाच पानांच्या साध्या स्थळासाठी ती फुकटही मिळते. गिटहब पेजेस हे त्याचे एक उदाहरण. स्वतः मजकूर बदलत राहायचा असेल तर वर्डप्रेस ही विनामूल्य प्रणाली आहे. तिला जागा भाड्याने घ्यावी लागते. कुलूपबंद जोडणीचे प्रमाणपत्र, ज्यामुळे पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस येते, तेही आता 'लेट्स एन्क्रिप्ट'कडून विनामूल्य मिळते. भपका टाळावा. हलणारी चित्रे आणि सरकणारे फलक यांना मोबाईलवरच्या माणसाचा डेटा लागतो आणि त्याचा वेळ जातो. सगळ्या मजकुराची एक प्रत स्वतःजवळ पेनड्राइव्हवर ठेवावी. जागा बदलली तरी तेच स्थळ दुसरीकडे पुन्हा उभे करता येते.

६

आता मजकूर. पहिल्याच ओळीत तीन गोष्टी कळाव्यात : आपण काय करतो, कोणासाठी करतो आणि कसे गाठावे. 'मी एक जिद्दी, मेहनती व ध्येयवादी तरुण आहे' हे वाक्य काढून टाकावे. ते कोणीही लिहू शकतो. त्याऐवजी असे लिहावे : 'मराठी आणि हिंदीतून इंग्रजीत, तसेच इंग्रजीतून मराठीत, कायदा व समाजशास्त्र या विषयांचे भाषांतर करतो. प्रकाशक, वकील आणि संशोधक यांच्यासाठी.' हे वाचून ज्याला काम नाही तो जाईल; ज्याला आहे तो थांबेल.

त्यानंतर नमुने. हेच स्थळाचे काळीज होय. तीन चांगले नमुने तीस सामान्य नमुन्यांपेक्षा भारी असतात. प्रत्येकाखाली चार ओळी लिहाव्यात : काम काय होते, अडचण कोठे आली, ती कशी सोडवली. या चार ओळींतूनच गिऱ्हाइकाला आपल्या डोक्याची ओळख होते. गिऱ्हाइकाचे कागद मात्र त्याच्या लेखी परवानगीवाचून कधीही दाखवू नयेत.

अजून एकही काम मिळालेले नाही त्याने काय दाखवावे? हा प्रश्न विद्यार्थी मला नेहमी विचारतात. उत्तर सोपे आहे : स्वतः काम निवडून करावे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे प्रसिद्ध लेखन सर्वांचे होते. महात्मा फुले १८९० साली वारले. १८७३ ची 'गुलामगिरी' कोणीही भाषांतरित करू शकतो. बाबासाहेबांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून खुले आहे. त्यातील दोन पाने घ्यावीत, मूळ आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवावे. चित्रकाराने मुखपृष्ठ करावे. आराखडे काढणाऱ्याने वस्तीतल्या वाचनालयाचा आराखडा काढावा. हे खोटे काम नव्हे. मागणीवाचून केलेले काम आहे, आणि तसे तेथे स्पष्ट लिहावे.

आपल्याकडे पुष्कळ अनुभव असतो. त्याची नोंद मात्र नसते. जयंती समितीचे हिशेब ज्याने पाच वर्षे ठेवले त्याला हिशेबाचा अनुभव आहे. ज्या मुलीने स्मरणिकेचे संपादन केले, लेख मागवले, मुद्रिते तपासली, छापखान्याशी भाव ठरवला, ती संपादक आहे. वसतिगृहाच्या प्रश्नावर निवेदने लिहिणाऱ्याने मसुदा-लेखन केलेले आहे. प्रस्थापितांच्या मुलांचा असाच अनुभव 'इंटर्नशिप' या नावाने कागदावर येतो. आपला अनुभव 'समाजकार्य' म्हणून शेवटच्या ओळीत ढकलला जातो, आणि तो ढकलणारे पुष्कळदा आपणच असतो. तो वर्ष, पाने आणि जबाबदारी यांसह कामाच्या यादीत लिहावा.

७

मराठीत स्थळ करणाऱ्यांसाठी एक तांत्रिक मुद्दा आहे आणि तो फार महागात पडतो. आपल्यातील अनेकांचे जुने लेखन डीटीपीवर श्रीलिपी, कृतिदेव अशा टंकांत बसवलेले आहे. ते पडद्यावर मराठी दिसते. पण संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग असते. शोधयंत्राला त्यात 'भाषांतर' हा शब्द सापडत नाही. म्हणजे लेखन असून नसल्यासारखे. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. रूपांतर करणारी साधने मिळतात, परंतु त्यानंतर प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासावी, कारण रफार आणि जोडाक्षरे बिघडतात. मजकुराचे चित्र करून टाकू नये. स्वतःचे नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत, नेहमी एकाच वर्णलेखनाने लिहावे. एका जागी एक आणि दुसऱ्या जागी वेगळे लिहिले तर शोधणाऱ्याला ती दोन माणसे वाटतात.

८

आता नाजूक प्रश्नाकडे येतो. आडनाव लिहावे का? बाबासाहेबांचे छायाचित्र, चळवळीतील लेखन, आपण दलित आहोत हे सांगणारे काहीही व्यवसायाच्या स्थळावर असावे का?

काहीजण आडनाव गाळतात. वडिलांच्या नावावर किंवा गावाच्या नावावर भागवतात. ज्याच्या घरी उद्याच्या धान्याची चिंता आहे त्याला मी दोष देणार नाही. थोरात-अॅटवेल यांचे आकडे वर दिलेच आहेत; आडनावाची किंमत मोजावी लागते हे खरे आहे. माझे मत मात्र लपवू नये असे आहे, आणि ते भावनेपेक्षा हिशेबावर आधारलेले आहे. लपवलेले नाव कधीतरी कळते, आणि ते काम अर्ध्यावर असताना, पैसे अडकलेले असताना कळले तर नुकसान आपले होते. शेअर बाजाराच्या त्या सल्लागाराचे असेच झाले. जाणारे गिऱ्हाईक दारातूनच गेलेले बरे.

शिवाय आपले मूळ ही व्यवसायातली उणीव नव्हे. पुष्कळदा ती पात्रता असते. येसकरपाळी म्हणजे काय, तराळकी कशी चाले, बलुते आणि वतन यांत फरक कोणता, जोहार घालताना कंबर किती वाकत असे, हे मला शब्दकोशात शोधावे लागत नाही. दलित आत्मकथनांचे इंग्रजी भाषांतर करून घेणाऱ्या प्रकाशकाला नेमका हाच माणूस हवा असतो. माझ्या स्थळावर 'जातीव्यवस्थेच्या परिभाषेचे ज्ञान' ही ओळ सेवांच्या यादीत आहे. तिने काही गिऱ्हाइके गेली असतील. जी आली ती तिच्यामुळे आली, हे मी त्यांच्या पत्रांवरून सांगू शकतो.

अभिमान आणि निष्काळजीपणा यांत मात्र फरक करावा. आधार क्रमांक, जातीचा दाखला, जन्मतारीख, घरचा पत्ता स्थळावर टाकू नये. स्त्रियांनी संपर्कासाठी वेगळे ईमेल ठेवावे. शिवीगाळ आली तर पुसण्यापूर्वी तारखेसह तिचे छायाचित्र घेऊन ठेवावे. ॲट्रॉसिटीची तक्रार द्यायची वेळ आली तर पुरावा लागतो.

९

शेवटी अपेक्षांविषयी. स्थळ उभारले की गिऱ्हाइकांची रांग लागेल असे सांगणारे खोटे बोलतात. अनोळखी माणूस केवळ शोधता शोधता येतो असे क्वचित घडते. बहुतेक कामे कोणीतरी कोणाला तरी सांगितल्यामुळे येतात. ऐकणारा मग नाव शोधून पाहतो, आणि त्या क्षणी तेथे काय दिसते यावर पुढचे ठरते. म्हणून स्थळाचा पत्ता प्रत्येक पत्राखाली, प्रत्येक अर्जावर, छापून आलेल्या प्रत्येक लेखाच्या तळाशी असावा. ज्यांच्यासाठी काम केले त्यांच्याकडून नावानिशी दोन ओळी मागाव्यात. दर तीन महिन्यांनी एक नवा नमुना घालावा. तीन वर्षांपूर्वीची तारीख पाहून माणूस दुकान बंद समजतो. पत्राला दुसऱ्या दिवसाच्या आत उत्तर द्यावे. काम, मुदत आणि रक्कम लेखी ठरवावी व काही रक्कम आगाऊ घ्यावी.

यात स्थळ फक्त दार उघडून देते. जातीने घातलेली आर्थिक नाकेबंदी एका माणसाच्या संकेतस्थळाने उठणार नाही. खाजगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी त्यामुळे मागे पडता कामा नये. परंतु ही मागणी मान्य होईपर्यंत आपल्या मुलांनी कामावाचून बसावे असेही नाही. आणि एकट्याने केलेल्या स्थळालाही समूहाची जोड देता येते : मुद्रितशोधकाने आपल्या पानावर आपल्यातल्या चित्रकाराचा पत्ता द्यावा, चित्रकाराने छापखान्याचा, वकिलाने भाषांतरकाराचा. मामा-काकांकडून जी ओळख आपल्याला मिळाली नाही ती आपण एकमेकांना देऊ शकतो, आणि तीही कामाच्या आधारावर.

शिक्षकांना एक सूचना करतो. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना निरोप देण्यापूर्वी महाविद्यालयाच्या संगणककक्षात दोन शनिवार बसवावे. पहिल्या शनिवारी प्रत्येकाने आपण केलेल्या कामाची यादी लिहावी. जयंतीचे हिशेब आणि स्मरणिका त्यात याव्यात. दुसऱ्या शनिवारी त्यातील तीन कामे पडद्यावर चढवावीत. डोमेनचे पैसे ज्याला जमत नाहीत त्याचे माजी विद्यार्थ्यांनी भरावेत. नोंद मात्र त्या विद्यार्थ्याच्याच नावाने करावी.